कोटातील दोन तासांची पायी फेरी: समुद्र न दिसणारे बंदर

मुंबईतच जन्मलेल्या माणसाने मुंबई दाखवणाऱ्या फेरीला पैसे भरून का जावे, असा प्रश्न माझ्या वडिलांनी मला केला होता आणि तो मला रास्त वाटला होता. बाबांनी चौतीस वर्षे गोदीत टॅली क्लार्क म्हणून नोकरी केली. मी स्वतः अकरा वर्षे कोटातल्या, म्हणजे फोर्ट भागातल्या, एका कचेरीत जाते आहे. तरीही जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी साडेसात वाजता आम्ही दोघे हुतात्मा चौकात जाऊन उभे राहिलो, याचे कारण एवढेच की ही फेरी मराठीतून होती आणि तिच्या माहितीपत्रकात ‘जुन्या कोटापासून गोदीच्या फाटकापर्यंत’ असे शब्द होते. गोदीचा उल्लेख वाचून बाबा तयार झाले.

फेरीचे शुल्क माणशी ५०० रुपये होते आणि साठ वर्षांवरील व्यक्तींना त्यात काही सवलत होती. अंतर अडीच-तीन किलोमीटरचे आहे, वेळ दोन तासांचा सांगितलेला असतो, प्रत्यक्षात आम्हाला पावणेतीन तास लागले. गटात सव्वीस माणसे होती. हा आकडा मला जास्त वाटला, त्याविषयी पुढे लिहिते.

बंदराचे शहर म्हणून मुंबई दाखवायची तर पहिलीच अडचण अशी आहे की बंदर कोठेही दिसत नाही. कोटाच्या पूर्वेचा किनारा नौदलाच्या आणि बंदर प्राधिकरणाच्या उंच भिंतींमागे आहे, आणि जेथे भिंत नाही तेथे जुना किनारा भरावाखाली गेलेला आहे. या फेरीची आखणी ज्यांनी केली त्यांनी ही अडचण ओळखली, हे तिचे सर्वांत मोठे यश आहे. गेटवे ऑफ इंडिया या फेरीत नाही. आमच्यातल्या दोघांनी त्याबद्दल नाराजी व्यक्त केली, पण मला ती निवड योग्य वाटली. १९११ साली पाचवा जॉर्ज पालवा बंदरावर (अपोलो बंदरावर) उतरला तेव्हा ती कमान उभीच नव्हती; ती पुरी झाली १९२४ साली, आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी शेवटची ब्रिटिश पलटण तिच्यातून बाहेर पडली. ते समारंभाचे दार आहे. ज्या बंदराने या शहराला पोसले, ते त्याच्या उत्तरेला, कोटाच्या पाठीशी आहे, आणि आमच्या मार्गदर्शक ताईंनी आम्हाला तिकडेच नेले.

सुरुवात हुतात्मा चौकातल्या फ्लोरा फाउंटन या कारंज्यापाशी होते. ताईंनी आपल्याबरोबर जुन्या कोटाचा नकाशा कापडावर छापून आणला होता. तो चौघांनी चार कोपऱ्यांना धरल्यावर त्यांनी सर्वांना तटाच्या रेषेत उभे राहण्यास सांगितले. चर्चगेट हे नाव आपण रोज घेतो आणि त्याने रेल्वे स्थानकच समजतो, पण ज्या दरवाजावरून ते पडले तो या कारंज्याच्या जवळपास होता. दक्षिणेला अपोलो गेट, उत्तरेला बझार गेट आणि पश्चिमेला हे चर्च गेट, असे कोटाचे तीन मुख्य दरवाजे होते. गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत, १८६० नंतरच्या काही वर्षांत, हे तट पाडण्यात आले. शहर दाटले होते, मराठ्यांची किंवा फ्रेंचांची भीती उरली नव्हती आणि अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस थांबल्याने मुंबईच्या कापसाचा भाव गगनाला भिडला होता. त्या पैशाला तटाच्या आत जागा पुरेना. १८६४ साली उभे राहिलेले हे कारंजे मुळात राणीच्या बागेसाठी योजलेले होते आणि त्याला फ्रियर यांचे नाव द्यायचे होते, ही माहिती ताईंनी दिली. ती मी माझ्या वहीत टिपून ठेवली आणि शेवटी ती मला उपयोगी पडली.

याच चौकात २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्रासाठी आलेल्या मोर्चावर गोळीबार झाला. इंग्रजीतून काढल्या जाणाऱ्या एका फेरीत मी पूर्वी गेले होते, तेथे हुतात्मा स्मारकाला एक वाक्य मिळाले होते. येथे ताई आम्हा सर्वांना स्मारकाजवळ घेऊन गेल्या, मशाल धरलेल्या शेतकरी-कामगाराच्या पुतळ्यासमोर दोन मिनिटे काही न बोलता थांबल्या, आणि मगच पुढे बोलल्या. बाबांनी चपला काढल्या. ते पाहून गटातल्या आणखी काही जणांनी काढल्या.

तेथून वीर नरिमन मार्गाने पूर्वेला सेंट थॉमस कॅथीड्रलपाशी आलो. ज्या चर्चमुळे दरवाजा चर्च गेट झाला ते हेच. मुंबईचे गव्हर्नर जेराल्ड ऑंजियर यांनी १६७६ साली बांधकाम सुरू करवले, मग ते सुमारे चाळीस वर्षे अर्धवट पडून राहिले आणि १७१८ सालच्या नाताळात ते उपासनेसाठी खुले झाले. मुंबईतली अंतरे या चर्चपासून मोजली जात असत. ते मैलांचे दगड शहरात अजूनही कोठे कोठे सापडतात. आत भिंतींवर ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांची आणि नौदलातल्या अधिकाऱ्यांची संगमरवरी स्मारके आहेत. १८०८ साली फ्रेंच जहाजाशी झालेल्या लढाईत मरण पावलेल्या कॅप्टन हार्डिंग यांचे स्मारक त्यांपैकी एक. या भागात ताईंनी फार वेळ घालवला नाही आणि ते बरे झाले, कारण आमची उपस्थिती तेथल्या सकाळच्या प्रार्थनेला अडचणीची होती.

हॉर्निमन सर्कल हा मात्र फेरीचा खरा गाभा ठरला. आज जेथे लोखंडी कुंपणाची गोल बाग आहे तेथे पूर्वी मोकळे मैदान होते, त्याला बॉम्बे ग्रीन म्हणत. बंदरावर आलेल्या आणि बंदरातून जाणाऱ्या मालाची, विशेषतः कापसाची, तेथे उलाढाल चाले. गाठींचे ढीग आणि गाड्यांची वर्दळ इतकी वाढली की १८४४ साली कापसाचा बाजार कुलाब्याला हलवण्यात आला, आणि पुढे विसाव्या शतकात तो शिवडीच्या बाजूला गेला. हार्बर मार्गावरच्या कॉटन ग्रीन स्थानकाच्या नावाचे मूळ असे या बागेपर्यंत येते. मी अनेक वर्षे त्या स्थानकावरून गेले आहे आणि तेथे ‘ग्रीन’ कसले, असा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. टाऊन हॉलसमोरच्या वडाखाली जमणारे दलाल, त्यांनी १८७५ साली स्थापन केलेली संघटना आणि त्यातून आलेला शेअर बाजार, हेही ताईंनी सांगितले. त्या सांगत असताना माल आणि पैसा यांचा संबंध समोर मांडत होत्या: धक्का एवढ्या पावलांवर, गाठी येथे, दलाल तेथे, सरकारची कचेरी पलीकडे. एका वर्तुळात सगळा व्यापार उभा राहिला. इमारतींचे हे वर्तुळ स्वतः १८६० नंतरच्या दशकातले आहे आणि त्याचे आधीचे नाव एल्फिन्स्टन सर्कल. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांचे नाव त्याला स्वातंत्र्यानंतर मिळाले.

टाऊन हॉल आम्ही फक्त बाहेरून पाहिला. १८३३ साली पुऱ्या झालेल्या या इमारतीच्या तीस पायऱ्या मुंबईकराला चित्रपटांतून ओळखीच्या आहेत, पण ज्यासाठी मराठी माणसाने येथे यावे ते आत आहे: एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आणि नाना शंकरशेट यांचा संगमरवरी पुतळा. कंपनीच्या गव्हर्नरांच्या रांगेत बसलेले नाना पाहिले की एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत हिंदी व्यापाऱ्यांनी किती जागा स्वतःच्या कर्तृत्वाने मिळवली होती हे कळते. फेरी दुपारी, कामाच्या दिवशी ठेवली आणि आधी परवानगी घेतली तर आत जाणे शक्य होईल. निदान त्या पुतळ्याचे छायाचित्र तरी ताईंनी बरोबर आणावे असे मी त्यांना सुचवले आहे.

टाऊन हॉलच्या मागे एक लांब भिंत आहे. तिच्यापाशी ताईंनी मोबाइल खिशात ठेवायला सांगितले, कारण पलीकडे नौदलाचे ठाणे आहे. आत बॉम्बे कॅसल आहे, म्हणजे कोटाचा बालेकिल्ला. त्याही आधी तेथे गार्सिया द ऑर्टा या पोर्तुगीज वैद्याचा वाडा होता. १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगिजांनी ही बेटे इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला दिली आणि १६६८ साली त्याने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिली, हा इतिहास शाळेत सर्वांनी वाचलेला असतो. परंतु ज्या जागी हा व्यवहार प्रत्यक्षात उतरला त्या जागेच्या बाहेर उभे राहून तो ऐकणे वेगळे असते. त्या ठाण्याला आज कान्होजी आंग्रे यांचे नाव आहे. ज्या दर्यासारंगाने कंपनीच्या जहाजांना कोकण किनाऱ्यावर दस्तकाशिवाय फिरू दिले नाही आणि ज्याच्या धाकाने मुंबईच्या गव्हर्नरांची झोप उडाली होती, त्याचे नाव त्यांच्याच बालेकिल्ल्याला लाभले, हे ताईंनी सांगितले तेव्हा गटातली लहान मुलेही थांबून ऐकत होती.

भिंतीच्या दक्षिणेला नौदलाची गोदी आहे. तेथेच १७५० साली बॉम्बे डॉक ही आशियातली पहिली कोरडी गोदी बांधली गेली, आणि १७३६ साली सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या तेथे जहाजे बांधली. कोरडी गोदी म्हणजे काय, हे ताईंनी फार सोपेपणाने समजावले: भरतीला जहाज आत घ्यायचे, ओहोटीला पाणी उतरले की दरवाजे लावायचे, उरलेले पाणी उपसायचे, आणि मग जहाजाचा तळ माणसाच्या हाताला लागतो. मुंबईच्या भरती-ओहोटीतला मोठा फरक यासाठी सोयीचा होता. मलबारच्या सागवानाची ही जहाजे ओकच्या जहाजांपेक्षा जास्त टिकत. १८१७ साली येथे बांधलेले ट्रिंकोमाली आज इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगते आहे. १८४२ साली चीनला हाँगकाँग सोडावे लागले तो नानकिंगचा तह ज्या कॉर्नवॉलिस जहाजावर झाला, तेही मुंबईच्याच सुतारांच्या हातचे. ज्या भिंतीकडे पाहण्यासारखे काहीच नाही, तिच्यापाशी पंचवीस मिनिटे सव्वीस माणसांना उभे करून ठेवणे हे मार्गदर्शकाचे कौशल्य आहे आणि ते या ताईंकडे निःसंशय आहे.

येथपर्यंतच्या फेरीला माझ्याकडून पूर्ण गुण. टांकसाळीवरून पुढे बॅलार्ड इस्टेटकडे वळल्यावर मात्र सूर बदलला.

बॅलार्ड इस्टेट देखणी आहे यात वाद नाही. अलेक्झांड्रा डॉक खोदताना निघालेली माती समुद्रात टाकून ही जमीन तयार झाली आणि १९१४ ते १९१८ या काळात जॉर्ज विटेट यांच्या आराखड्यानुसार येथे एका उंचीच्या, एका शिस्तीच्या इमारती उभ्या राहिल्या. बोटीने आलेले प्रवासी बॅलार्ड पिअरवर उतरत आणि तेथूनच गाडीत बसत. १९२८ साली सुरू झालेली फ्रंटियर मेल त्यांना पेशावरकडे नेत असे. हे सारे ताईंनी रंगवून सांगितले. पण इमारतींच्या कमानी, कंगोरे आणि दर्शनी भाग यांवर अर्धा तास गेला आणि त्या अर्ध्या तासात ज्यांनी माल उतरवला त्या माणसांविषयी एक वाक्यही आले नाही. कोकणातून आणि घाटावरून आलेले हजारो गोदी कामगार या रस्त्यांवरून पाळीला जात होते. भाऊच्या धक्क्यावर बोटीने उतरून थेट कामाच्या शोधात फिरणारी माणसे प्रत्येक मराठी कुटुंबाच्या आठवणीत आहेत. फेरी मराठीतून असेल तर तिने भाषेबरोबर ही आठवणही आणली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

दोन ठिकाणी ही उणीव अधिक जाणवली. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचा स्फोट झाला. जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि त्याच जहाजात कापसाच्या गाठी भरलेल्या होत्या. ताईंनी जहाजावरच्या सोन्याच्या विटा उडून दूरवर पडल्याची गोष्ट सांगितली. ती खरी आहे आणि ऐकायला चटकदारही आहे. परंतु आग विझवायला गेलेले ६६ अग्निशमन जवान त्या दिवशी मरण पावले आणि म्हणून देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळला जातो, हे सांगायचे राहिले. ते बाबांनी सांगितले. बाबा नोकरीला लागले तेव्हा त्या दिवशी पाळीवर असलेले काही वृद्ध कामगार अजून गोदीत होते, आणि सिमल्याच्या भूकंपमापकावर हादरा नोंदला गेला होता असे ते नव्या पोरांना सांगत. दुसरी गोष्ट नौदलाच्या भिंतीपाशीच सांगायला हवी होती. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी कुलाब्याच्या ‘तलवार’ ठाण्यातून नाविकांचा उठाव सुरू झाला आणि तीनच दिवसांनी त्याच भिंतीमागच्या कॅसल बराकींतले नाविक ब्रिटिश फौजेच्या गोळीबाराला उत्तर देत होते. त्या भिंतीपाशी दोनशे वर्षांपूर्वीची जहाजे सांगितली गेली आणि हे राहून गेले.

आता व्यवस्थेविषयी. सव्वीस माणसांसाठी ताईंकडे ध्वनिवर्धक नव्हता. रविवारी सकाळी कोट शांत असतो तरी वीर नरिमन मार्गावरून बस गेली की मागच्या आठ-दहा जणांना काही ऐकू येत नसे. गट पंधरा जणांचा ठेवावा किंवा गळ्यात अडकवायचा छोटा स्पीकर घ्यावा. संपूर्ण मार्गावर स्वच्छतागृहाची सोय कोठे आहे हे आधी सांगितलेले नव्हते, आणि सत्तरीच्या माणसांना बरोबर घेणाऱ्या फेरीत हे चालण्यासारखे नाही. बसण्याचा थांबा हॉर्निमन सर्कलच्या बागेत एकदाच मिळाला. पाणी आपले आपण न्यावे. पदपथ ठिकठिकाणी उखडलेले आहेत, त्यामुळे पायांत बूट असावेत.

फेरी संपते सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात, आणि शेवटासाठी निवडलेली ही जागा उत्तम आहे. १७६९ साली कोटाच्या उत्तर टोकाला बांधलेल्या फोर्ट जॉर्जचा एक अवशेष तेथे उभा आहे, जाड काळ्या दगडाचा, आणि राज्याच्या पुरातत्त्व खात्याची कचेरी त्यालाच लागून आहे. पाडून टाकलेल्या कोटाला हात लावता येईल अशी पूर्ण मार्गावरची ही एकच जागा. ताईंनी कापडी नकाशा पुन्हा उलगडला आणि समुद्राची जुनी रेषा दाखवली. मग त्यांनी नावे म्हणायला सुरुवात केली: बोरीबंदर, मस्जिद बंदर, चिंचबंदर, वाडीबंदर. प्रत्येक नावात बंदर आहे, आणि आज त्यांतल्या कोठल्याही नाक्यावर उभे राहिले तरी पाणी दिसत नाही. गटातले सगळे ती नावे त्यांच्या मागोमाग म्हणू लागले.

रुग्णालयासमोरचा रस्ता कोणता, असे बाबांनी तेव्हा ताईंना विचारले. पी. डिमेलो रोड, त्या म्हणाल्या. त्याचे आधीचे नाव बाबांनी सांगितले: फ्रियर रोड. ज्या गव्हर्नरने तट पाडले आणि ज्याचे नाव सकाळच्या त्या कारंज्याला द्यायचे होते, त्याच्याच नावाचा रस्ता पुढे गोदी कामगारांचे पुढारी प्लॅसिड डिमेलो यांच्या नावाचा झाला. ताईंना हे ठाऊक नव्हते. त्यांनी तसे सरळ सांगितले आणि वही काढून लिहून घेतले, आणि त्यांच्याविषयीचा माझा आदर तेवढ्यानेच वाढला. नंतर त्यांनी विचारले, “काका, टॅली क्लार्क म्हणजे नेमके काय काम असायचे?” बाबा तेथल्या कठड्यावर बसले आणि त्यांनी सांगितले: बोटीच्या पोटातून क्रेनने माल वर आला की दोरीच्या जाळीत किती नग आहेत ते मोजायचे, त्यांवरच्या खुणा कागदाशी ताडायच्या, फुटलेली पेटी वेगळी लिहायची, आणि एक बोट रिकामी व्हायला आठवडा लागायचा. १९८९ साली पलीकडे न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, माल कंटेनरमधून येऊ लागला, आणि मोजण्यासारखे काही उरले नाही. सव्वीसपैकी वीस जण फेरी संपल्यावरही थांबून हे ऐकत होते.

ही फेरी साधारण ऑक्टोबर ते मार्चपर्यंत दर रविवारी असते. आठवीच्या पुढची मुले, इतिहासाचे शिक्षक आणि ज्यांच्या घरातले कोणी गोदीत, गिरणीत किंवा टपाल खात्यात होते अशा सर्वांनी आपल्या त्या वडीलधाऱ्यांना बरोबर घेऊन जावे. पुढच्या महिन्यापासून सेंट जॉर्जच्या आवारातला थांबा वीस मिनिटांनी वाढवत असल्याचे ताईंनी कळवले आहे, आणि पहिल्या रविवारी बाबा तेथे जाणार आहेत.